ऐकल्या दिवसापासून

काशीतल्या दूधविनायकावर कुणाला सुतकाचं काही विचारायचं असलं की तो ढुंढिराजशास्त्री मुळ्यांच्या घराचा जिना चढायचा. चुलतसासू वारली तर किती दिवस, घरात बाळंतपण आणि मरण एकदमच आलं तर काय धरायचं, ठरलेली मुंज पुढे ढकलायची की उरकून घ्यायची, असले प्रश्न. अलीकडे जिना चढायचीही गरज उरली नव्हती. पुण्याहून, नागपूरहून, थेट अमेरिकेतून फोन यायचे. शास्त्रीबुवा फोन कानाला लावत, डोळे मिटत आणि पुस्तक न उघडता उत्तर देत. त्यांची थोरली मुलगी सुनीती बँकेत होती आणि वडिलांच्या या विद्येची तिला जराशी लाजच वाटायची. बँकेतल्या मैत्रिणींनी विचारलं, पापा क्या करते हैं, तर संस्कृत पढ़ाते हैं म्हणून ती मोकळी व्हायची.

घरात दुसरा अंमल होता तो प्रेमलाबाईंचा, म्हणजे सुनीतीच्या आईचा. बाई वाईच्या. लग्न होऊन काशीत आल्याला तेहतीस वर्षं झाली तरी त्यांचं मराठी वाईचंच राहिलं होतं, आणि दोन्ही पोरींचं मराठी मात्र या गल्लीनं नासवलं असं त्यांचं ठाम मत होतं. शाळेत हिंदी, गल्लीत बनारसी, आणि जिना चढून वर आलं की जे काही निघेल ते मराठी. "आई, मी जेवण खाल्लं," असं कुणी म्हटलं की बाई पोळी लाटायच्या थांबत.

"जेवण जेवतात. खातात तो मार. हवाय का?"

तीस वर्षं हे ऐकूनही सुनीतीच्या जिभेला वळण लागलं नाही. धाकटी अंबिका मात्र हट्टाला पेटून सुधारली, आणि पुढे पुढे तर तीच ताईच्या चुका काढायला लागली. मायलेकी एक होऊन सुनीतीला हसत. सुनीतीला त्याचा राग यायचा नाही. घरात कुणीतरी हसायला लागतंच, असं तिला वाटे.

अंबिका विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकत होती. एका सेमेस्टरसाठी जर्मनीला दोन विद्यार्थी पाठवायचे ठरले, त्यात तिचं नाव लागलं. शास्त्रीबुवांनी समुद्रापलीकडे जाण्याबद्दल दोन दिवस तोंड वाकडं केलं, पण प्रेमलाबाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. लोकरीचे कपडे कुठे स्वस्त मिळतात, मेतकूट किती दिवस टिकतं, इथपासून सगळं त्यांनी अंगावर घेतलं. निघताना अंबिकेचे डोळे भरून आले, तर बाई दारातच म्हणाल्या, "पुरं करून ये. मध्येच रडत आलीस तर दार उघडणार नाही." असं बोलायची त्यांची पद्धतच होती. पोरगी जिन्यावरून वळेपर्यंत त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग आत जाऊन पडल्या, ते संध्याकाळपर्यंत उठल्याच नाहीत.

मुलगी गेल्यावर बाई फोनवर मराठी टाइप करायला शिकल्या. रोज संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे तिकडे दुपारी, त्यांचा एकच मेसेज जायचा. जेवलीस का? मग अंबिका काय जेवली ते लिहायची. काळ्या ब्रेडचा फोटो पाठवायची. सामायिक स्वयंपाकघरात फोडणी दिली की धुराची घंटा कशी वाजते आणि सगळा मजला कसा खाली पळतो, ते सांगायची. व्हिडिओवर बाई कधी आल्या नाहीत, त्यात नाक फार मोठं दिसतं म्हणून. रविवारी अंबिका बापाला फोन करायची. "बाबा, नमस्कार करते," ती म्हणायची, आणि शास्त्रीबुवा हजार कोसांवरून डोक्यावर हात ठेवल्यासारखं म्हणायचे, "कल्याणमस्तु." त्यापुढे दोघांना बोलायला फारसं काही नसे.

दिवाळी उलटून आठवडा झाला आणि प्रेमलाबाईंना ताप भरला. डेंगी. त्या वर्षी अर्ध्या गल्लीला झाला होता आणि जो तो उठून कामाला लागला होता, म्हणून घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. बाईंनी स्वतःच अंबिकेला कळवलं, थोडा ताप आहे, काळजी नको. तिसऱ्या दिवशी रक्तातल्या पेशी उतरल्या, दवाखान्यात हलवलं, आणि गुरुवारी सकाळी डॉक्टर बाहेर येऊन सुनीतीला म्हणाले, आप बड़ी हैं? तिनं मान हलवली. एवढ्यावरच तिला कळलं.

मणिकर्णिका घरापासून पायी जवळच. दुपारी दोनला सगळं आटोपून माणसं परत आली सुद्धा. मुलगा नव्हता, शास्त्रीबुवांनी स्वतःच अग्नी दिला. ते ओल्या पंच्यानिशी खालच्या चौकात उभे होते तेव्हा सुनीती म्हणाली, "बाबा, अंबूला फोन लावते."

"लावून काय करणार?"

"तिची आई गेलीय, बाबा."

"ती इथे पोचेपर्यंत दोन दिवस जातील. बघायला काय उरलंय? फेब्रुवारीत परीक्षा आहे तिची. मध्येच उठून आली तर सेमेस्टर बुडेल, पुन्हा कोण पाठवतंय? तुझ्या आईनंच सांगितलं होतं ना, पुरं करून ये." मग त्यांनी डोळे मिटले आणि फोनवर लोकांना सांगत त्याच आवाजात म्हणाले, "जोवर ऐकलं नाही तोवर तिला सुतक नाही. अपत्य दूर असलं तर आईबापाचं सुतक ऐकल्या दिवसापासून दहा दिवस. आली की सांगू. तेव्हा धरेल."

सुनीतीला बोलायचं होतं. शास्त्र काय सांगतं ते तिनं विचारलंच नव्हतं. खरी गोष्ट एवढीच होती की धाकट्या लेकीला ते वाक्य सांगायची या माणसाला हिंमत नव्हती आणि इतकी विद्या हाताशी असताना त्याला आडोसा शोधायला लांब जावं लागलं नाही. हे सुनीतीला त्याच क्षणी दिसलं होतं. आणि तरी तिनं फोन लावला नाही, कारण तिलाही हिंमत नव्हती. बापाच्या आडोशाला तीही येऊन उभी राहिली.

साडेपाच वाजून गेल्यावर आईच्या उशाशी असलेला फोन वाजला. अंबिकेचा मेसेज होता. आई, ताप उतरला का? आज विचारलंच नाहीस.

सुनीती फोन हातात घेऊन भिंतीशी बसली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. उत्तर दिलं नाही तर अंबिका फोन करेल, फोन कुणी उचलला नाही तर गल्लीत कुणाला तरी करेल, आणि मग कुणीतरी परकं माणूस तिला सांगून मोकळं होईल. तिनं लिहिलं, आता बरं आहे. जेवण खाल्लंस का?

दोन निळ्या खुणा उमटल्या. अंबिका लिहिते आहे असं वर दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. हो. खाल्लं.

सुनीतीनं सुटकेचा श्वास टाकला आणि मग मात्र तिला रडू कोसळलं. पण ते फसवल्याचं रडू होतं. आईचं रडू त्यात मिसळायला जागाच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी अंबिकेनं तिलाच फोन केला. आईशी बोलायचंय म्हणाली. सुनीतीनं रात्रभर घोकून ठेवलेलं सांगितलं. तापानं घसा धरलाय, डॉक्टरांनी महिनाभर बोलायला मना केलंय, लिहू शकते पण. मग अंबिका म्हणाली, "बरं." त्यानंतर तिनं आईचा आवाज ऐकायचा हट्ट एकदाही धरला नाही. सुनीतीला वाटलं, सुटले.

रविवारी बापाला फोन आला. सुनीती शेजारीच जमिनीवर बसली होती. फोन मोठ्यानं बोलणारा, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "बाबा, नमस्कार करते," अंबिका म्हणाली. शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "हं. बोल." त्यांचा गळा दाटून आला असेल असं सुनीतीला वाटलं. अंबिका अभ्यासाचं काहीतरी बोलली आणि दोन मिनिटांत फोन ठेवला. पुढचा फोन दर रविवारच्या रिवाजाप्रमाणे न येता बुधवारी आला, आणि तेव्हाही "हं, बोल" वरच भागलं. तेरावा झाल्यावर मात्र ते पूर्वीसारखं भरल्या आवाजात म्हणाले, "कल्याणमस्तु." त्यांना आता बरं वाटायला लागलंय, सुनीतीनं मनात म्हटलं.

ते दहा दिवस अंबिकेची उत्तरं एकेका शब्दाची यायची. हो. बरं. झालं. अभ्यास असेल. पुढे ती पुन्हा लिहायला लागली, आणि पूर्वीपेक्षा जास्त लिहायला लागली. त्यांना डोंगरावर दगड फोडायला नेलं. तिच्या हातोडीचा दांडा तुटला. बर्फ पडला, तो पहिल्या दिवशी छान वाटला आणि चौथ्या दिवशी नुसता चिखल. शेजारच्या खोलीतली मुलगी नाताळात घरी गेली आणि आख्ख्या मजल्यावर आपण एकटे आहोत. आईला लिहिलेलं हे सगळं सुनीती साडेपाच वाजता बँकेच्या जिन्यात उभी राहून वाचायची आणि आई होऊन उत्तर द्यायची. घराबाहेर पडताना ती स्वतःचा फोन एखादे वेळी विसरायची, आईचा कधी विसरली नाही. तिला त्याची चटकच लागली. दिवसभर ती सुनीती असायची आणि साडेपाचला दहा मिनिटं घरात आई असायची. खोटं सांगत असताना इतकं समाधान वाटावं याची तिला भीती वाटे, पण दुसऱ्या दिवशी पाचपासूनच ती पुन्हा घड्याळाकडे बघायला लागे.

जानेवारीत एकदा अंबिकेनं लिहिलं, आई, ताई माझ्याशी खरं बोलते ना गं?

जिन्यावरून माणसं जात होती. आत्ताच सांगून टाकावं, असं तिला पहिल्यांदाच मनापासून वाटलं. एक वाक्य तर होतं. पण परीक्षा तीन आठवड्यांवर होती, आणि आता इतके दिवस गेल्यावर ते वाक्य नोव्हेंबरात होतं त्यापेक्षा कितीतरी जड झालं होतं. अंबिका पुन्हा आपलं तोंड बघेल का, एवढाच प्रश्न उरला होता. घरात बाप होता, पण सुनीतीला माणूस म्हणावं असं या जगात आता अंबिकाच राहिली होती. तिनं लिहिलं, ताई तुझ्याशी खोटं कशाला बोलेल? बरं म्हणून पलीकडून उत्तर आलं.

फेब्रुवारीच्या मध्यात अंबिका आली. बाबतपूरला विमानतळावर सुनीती आणायला गेली. घरी पोचेपर्यंत काही बोलायचं नाही, मी सांगेन, असं शास्त्रीबुवांनी बजावलं होतं. आईचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला होता. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात नवं घोंगडं, वेगळं ताट, वेगळा तांब्या मांडून ठेवला होता. आजपासून तिचे दहा दिवस सुरू होणार, त्याची सगळी तयारी शास्त्रीबुवांनी स्वतःच्या हातानं केली होती.

अंबिका वाळली होती. तिनं ताईला मिठी मारली नाही, पिशवी तेवढी हातात दिली. आई का नाही आली, या प्रश्नाचं उत्तर सुनीतीनं येताना रस्ताभर जुळवलं होतं. तो प्रश्न आलाच नाही. टॅक्सीत नाही, गोदौलियाला उतरून गल्लीतून चालताना नाही. "गर्मी अजून सुरू नाही झाली," एवढं एकदा अंबिका म्हणाली.

वर शास्त्रीबुवा पाटावर बसले होते. अंबिकेनं बूट काढले, भिंतीकडे पाहिलं, तिथल्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या घोंगड्याकडे. मग वाकली. "बाबा, नमस्कार करते."

"कल्याणमस्तु," शास्त्रीबुवा म्हणाले. "अंबू, बस. तुला एक सांगायचंय."

"आता म्हणता कल्याणमस्तु. त्या रविवारी नाही म्हणालात."

शास्त्रीबुवा पाटावरून उठायला लागले.

"सुतकात नमस्कार घ्यायचा नाही, आशीर्वाद द्यायचा नाही. पोरीशी खोटं बोललात तुम्ही, पण तेवढा नियम नाही मोडवला तुमच्यानं." अंबिकेचा आवाज चढला नव्हता. "मी बुधवारी मुद्दाम पुन्हा फोन केला. तेव्हाही नाही म्हणालात. तेराव्यानंतर म्हणालात. मी दिवस मोजले, बाबा. तुमचीच मुलगी आहे."

"पण तुला कुणी..." सुनीती म्हणाली आणि थांबली.

"मला गुरुवारीच कळलं होतं. आई मला विचारेल का कधी, जेवण खाल्लंस का?"

सुनीतीनं डोळे मिटून घेतले. तो मेसेज तिनं नंतर शंभरदा वाचला असेल. त्यात चूक आहे हे तिला आजवर दिसलं नव्हतं, आईनं तीस वर्षं दाखवूनही.

"मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय," अंबिका म्हणाली. "एका शब्दावरून आईला मारतेय मी. म्हणून बाबांना फोन केला. माझे दहा दिवस झालेत. जमिनीवर झोपले, फोडणी घातली नाही, केसांना तेल नाही. शेजारची मुलगी विचारायची, तुझी पाठ दुखते का. दहाव्या दिवशी नदीवर गेले, पण पाण्यात उतरवेना इतकी थंडी. ओंजळभर डोक्यावर घेतलं. बरोबर झालं का, बाबा? तिथे विचारायला कुणी शास्त्री नव्हता."

शास्त्रीबुवा घोंगड्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना असा प्रश्न विचारला होता की ज्याचं उत्तर डोळे मिटून देता येईना.

"मग मला का नाही विचारलंस?" सुनीती म्हणाली. "तीन महिने रोज लिहीत होतीस."

"विचारलं की. जानेवारीत." अंबिकेनं तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "रोज वाटायचं, आज सांगशील. नाताळात मजल्यावर मी एकटीच होते, तेव्हा वाटलं आता तरी सांगशील. तू आपली विचारायचीस, स्वेटर घातलास का. ताई, मला आई गेल्याचं घरच्या कुणाशी बोलताच आलं नाही. बोलले असते तर तुला कळलं असतं की मला कळलंय, आणि तू लिहायची थांबली असतीस. मला तेही नको होतं. इतकी लाचार केलीस तू मला."

सुनीतीला माफ कर म्हणायचं होतं. अंबिका म्हणाली, "आईचा फोन कुठाय?" सुनीतीनं पर्समधून काढून दिला. अंबिकेनं तो उघडला नाही, वाचला नाही. बटण दाबून धरलं, पडदा काळा झाला, आणि तिनं तो आपल्या पिशवीत तळाशी टाकला.

"मला तिथे पुढच्या दोन वर्षांसाठी जागा मिळालीय. एप्रिलात परत जाते," ती म्हणाली. "या वेळी घरात काही झालं तर कळवा. नाहीतर नका कळवू. मला कळतं."

रात्री सुनीतीनं ताट वाढलं आणि वरच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाली, "अंबू, जेवायला चल." हे वाक्य तिनं मनात जुळवून, चूक नाही ना ते बघून म्हटलं होतं.

"खाल्लं," अंबिका आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंबिका सकाळीच भोसले घाटाकडे गेली ती परतली नव्हती. सुनीती स्वयंपाकघरात चहाची भांडी घासत होती. साडेपाच वाजले. तिचा हात आपोआप कमरेला पुसला गेला आणि फोनसाठी ओट्यावर गेला. तिथे काही नव्हतं. ओटा पुसलेला होता, स्वच्छ होता, आणि त्याच्यावर फोन नव्हता. जेवलीस का, असं आई विचारणार नव्हती. आज नाही, उद्या नाही. सुनीती नळ तसाच चालू ठेवून उभी राहिली.

नोव्हेंबरातले दहा दिवस तिनंही जमिनीवर काढले होते, पिंडाला कावळा शिवला तेव्हा तीही घाटावर हात जोडून उभी होती. पण रोज साडेपाचला ती आई होत होती, आणि आई गेली हे ऐकायला तिला त्या सगळ्यात सवडच मिळाली नव्हती.

बाहेर शास्त्रीबुवांना नागपूरहून कुणाचा तरी फोन आला होता. मुलगा जहाजावर आहे, उशिरा कळलं, असं काहीतरी. "ऐकल्या दिवसापासून," ते सांगत होते. "हो हो, पूर्ण दहा. किती का महिने होईनात."

त्यांनी फोन ठेवून वळून पाहिलं तेव्हा सुनीतीनं कोपऱ्यातलं नवं घोंगडं उलगडलं होतं आणि ती त्याच्यावर भिंतीला टेकून बसली होती. वेगळं ताट तिनं बाजूला ओढून घेतलं होतं.

"हे काय गं?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"बाबा," सुनीती म्हणाली, "मी आज ऐकलं."

शास्त्रीबुवा तिच्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून पुढे झाले. हात अर्ध्यावर आला आणि थांबला. त्यांनी तो मागे घेतला, आणि तिला शिवू नये म्हणून दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.